बोर्डाखालचं नाव

नरसय्या अण्णा कॉम्प्युटर जोडायला बसले की सगळ्यात आधी मदरबोर्ड पालथा घालायचे. मागच्या बाजूला रिकामी जागा शोधून तिथे निळ्या मार्करने गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे आणि नावाखाली गाव. अक्षरं तेलुगू. शाई वाळेपर्यंत बोर्ड तसाच हातात धरून ठेवायचे, मग सुलटा करून कॅबिनेटमध्ये स्क्रूंनी आवळायचे. एकदा आवळला की ते नाव कोणाच्या दृष्टीस पडायचं नाही. खुद्द गिऱ्हाइकालाही त्याचा पत्ता नसायचा.

"अण्णा, जे दिसणारच नाही ते लिहायचं कशाला?" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं.

"दारावरचं नाव दुनियेसाटी असतंय, अम्मा," अण्णा म्हणाले. "जोत्याखालचं नाव घरासाटी. आपन कुनाचं हाय, हे घराला कळाय पायजे की."

लहानथोर सगळ्या बायकांना ते अम्मा म्हणायचे. वयाने साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, आणि खिशात पेनाशेजारी एक दाभणासारखी लांब सुई. ही सुई त्यांच्या मागच्या जन्मातली, म्हणजे पॉवरलूमच्या कारखान्यातली. तिथे ते जॉबर होते. माग बिघडला की विणकर हात झटकून उभा राहायचा आणि अण्णांना हाक जायची. पुढे कारखान्याच्या मालकाने चादरींचं डिझाइन काढायला कॉम्प्युटर आणला. तो महिन्याभरात बंद पडला. पुण्याहून माणूस यायला आठवडा लागणार होता, म्हणून मालक म्हणाला, "नरसय्या, बघ जरा." अण्णांनी बघितला, उघडला, धूळ झटकली, एक सैल वायर घट्ट बसवली आणि तो चालू झाला. "मागाला सूत, ह्याला वायर. बाकी काय फरक हाय?" असं म्हणत त्यांनी सहा महिन्यांत मागाची नोकरी सोडली आणि सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराचं दुकान टाकलं.

त्या दुकानाचे दोन रिवाज होते. एक म्हणजे वायरी बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या चालायच्या नाहीत. अण्णा त्या टॉवेलाच्या पांढऱ्या सुताने बांधायचे आणि गाठ विणकराची मारायचे, बारीक, चपटी, कितीही ओढली तरी न सुटणारी. दुसरा रिवाज सीलचा. नव्या वस्तूचं खोकं अण्णा स्वतः कधी फोडत नसत. गिऱ्हाइकाच्या हातात कात्री द्यायचे आणि म्हणायचे, "कापा. नारळ घरच्या धन्यानं फोडायचा असतंय, गवंड्यानं न्हाय." माणूस कितीही घाईत असो, कात्री त्यालाच चालवावी लागायची.

आणि त्यांची खरी कीर्ती होती ती हाताची. प्रोसेसर ज्या चौकोनात बसतो त्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या बारीक शेकडो पिना असतात. एखादी वाकली की बोर्ड गेला म्हणून लोक टाकून देतात. अण्णा डोळ्याला भिंग लावायचे, ती सुई काढायचे, श्वास रोखायचे आणि वाकलेली पिन उभी करायचे. त्या वेळी दुकानात कोणी बोलायचं नाही. समोरचा चहावालासुद्धा दारात थांबून राहायचा.

मी त्या दुकानात पहिल्यांदा गेले ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना. आम्ही कुंभारीला राहायचो, कामगारांच्या वसाहतीत. आई विड्या वळायची, वडील एमआयडीसीत रखवालदार. घरात खायला कमी नव्हतं, पण नवं असं काही यायचं नाही. माझा गणवेश मावसबहिणीचा, पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलींची. पहिल्या पानावर दुसरीचं नाव खोडून खाली माझं नाव, असंच मी दहावीपर्यंत शिकले. सायकल घेतली तिच्या मडगार्डवर लाल रंगात 'किरण' असं रंगवलेलं होतं. चार वर्षं रस्त्यावरची पोरं मला किरण म्हणून हाक मारत होती. या सगळ्याचं दुःख कोणाला सांगण्याजोगं नव्हतं. आई म्हणायची, "वस्तूला काय नाव असतं का गं? वापरल त्याची." पण मला दुसऱ्याचं नाव दिसायचं.

कॉम्प्युटरही अर्थात जुनाच घेतला. अण्णांनी तीन मोडक्या कॉम्प्युटरमधून एक चालता उभा केला. बोर्ड पालथा घालून त्यांनी त्यावर लिहिलं आणि मला दाखवलं. "हे बघ. सुजाता, कुंभारी." आमच्या वसाहतीत निम्मी घरं तेलुगू, त्यामुळे भाषा मला कानाने येत होती, पण वाचता यायची नाही. ती गोल गोल अक्षरं मी नीट बघून ठेवली. वस्तू जुनी होती, तरी नाव माझं होतं आणि ते खोडून लिहिलेलं नव्हतं. मला त्या दिवशी जे वाटलं ते अण्णांना कळलं असावं, कारण त्यांनी मला शनिवारी येत जा म्हणून सांगितलं. मी जात राहिले. स्क्रू कोणता कुठे, प्रोसेसर कसा सोडायचा, विणकराची गाठ कशी मारायची, हे सगळं मी त्यांच्याकडे शिकले. पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागले तीही त्यांच्याच शिकवणीच्या जोरावर. अण्णांना मूलबाळ नव्हतं. कोणी विचारलं, ही कोण, तर म्हणायचे, "आमच्या घरचं हाय."

नोकरी लागून काही वर्षं झाल्यावर माझ्या डोक्यात गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं आलं. गेमचं वेड मला शाळेपासून होतं. नेट कॅफेत मुलं गाड्यांच्या शर्यती खेळायची आणि मी मागे उभी राहून बघायची. आता डिप्लोमाच्या आम्ही पाच मैत्रिणी रविवारी ऑनलाइन एकत्र खेळायचो. त्या सगळ्यांकडे चांगली मशीन होती आणि मी लॅबच्या भंगारातल्या मशीनवर. लढाई सुरू झाली की माझा पडदा गोठायचा आणि तो हलेपर्यंत मी मेलेली असायची. मी ठरवलं की आता घ्यायचा. आणि अण्णांना जाऊन स्पष्ट सांगितलं, "अण्णा, या वेळी सगळं कोरं पाहिजे. एक स्क्रूसुद्धा दुसऱ्याचा नको."

अण्णा हसले नाहीत. "कोरं म्हंजी कोरं," ते म्हणाले. "आता सांग, लाल का निळा?"

प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या. त्यांच्या खोक्यांच्या रंगावरून आमच्याकडे एकीला लाल म्हणतात, दुसरीला निळी. माझ्या मनात निळा भरला होता. इंटरनेटवर बघावं तो गडी त्याचीच तारीफ करत होता, वेगही जास्त होता. दुसरा पर्याय लालचा जुना सॉकेट. तो स्वस्तात पडत होता, मेमरीही जुन्या पद्धतीची, सहज मिळणारी. तिसरा लालचा नवा सॉकेट. बोर्ड महाग, मेमरी महाग, आणि आज हातात येणारा वेग निळ्यापेक्षा थोडा कमीच. मी वहीत तीन रकाने आखून नेले होते.

अण्णांनी वही बघितलीच नाही. मला घेऊन ते चार गल्ल्या चालत भावाच्या कारखान्यात गेले. आत आठ माग खडखडत होते, ताण्यातून सूत ओढत धोटे इकडून तिकडे पळत होते, टॉवेल विणले जात होते आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. अण्णा एका मागाच्या लोखंडी सांगाड्यावर हात ठेवून माझ्या कानाशी ओरडले, "हे माझ्या बापाच्या येळचं! मोटर चारदा बदलली! धोटं किती बदलली त्याला गिनती न्हाय! सांगाडा त्योच!" बाहेर आल्यावर ते शांतपणे बोलले. "धोटा कवाबी बदलता येतंय, अम्मा. माग बदलता येत न्हाय. प्रोसेसर म्हंजी धोटा. निळा आज लई पळतंय, खरं हाय, पन दोन वर्सांत त्याचं सॉकेट बंद. मग नवं धोटं घ्यायचं तर माग बी नवं. लालचं जुनं सॉकेट तर मेलंयच. नव्याला म्होरं वाट हाय. आज बारकं प्रोसेसर घाल, तीन वर्सांनी मोठं घाल. बोर्ड त्योच ऱ्हाईल."

मी वही मिटली. लालचा नवा सॉकेट ठरला.

त्यानंतरच्या शनिवारी मी दुकानात गेले तेव्हा एक माणूस खुर्चीत बसलेला होता. टेंभुर्णीचा, हायवेवर हॉटेल असलेला, गळ्यात साखळी, बाहेर पांढरी मोठी गाडी. त्याचंही मशीन अण्णांकडे जोडायला होतं, माझ्यासारखंच, त्याच मॉडेलचा बोर्ड. अण्णांनी त्याच्यासाठी कोल्ड्रिंक मागवलं होतं. "साहेब, पैलं बोर्ड कंपनीतनंच खराब निघालं," अण्णा त्याला सांगत होते. "बदलून मागवलंय. हे नवं. कापा." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अम्मा, साहेबांना कात्री दे."

मी ड्रॉवरमधून कात्री काढून त्याच्या हातात दिली. त्याने सील कापलं. मला अजून त्याच्या बोटातली अंगठी आठवते.

"आणि माझा?" मी विचारलं.

"येतंय की. सोमवारी ये."

सोमवारी कॉलेज सुटल्यावर गेले तर माझं मशीन जोडून तयार होतं. सुताच्या गाठी मारलेल्या, पंखा फिरतोय. मी क्षणभर थबकले. "सील माझ्याकडून नाही कापून घेतलं?" असं हसत विचारलं. अण्णा म्हणाले, "तू काय गिऱ्हाइक हैस व्हय? घरच्याला कशाला रिवाज?" हे ऐकून मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. गिऱ्हाइकांच्या ओळीतून उठून मी घरात जाऊन बसले असं वाटलं.

एक गोष्ट मात्र तेव्हाच डोळ्यात आली होती. मेमरीसाठी बोर्डावर चार स्लॉट असतात. पट्ट्या दोन असतील तर एक सोडून एक स्लॉट भरायचा. शेजारी शेजारी लावल्या तर मेमरी निम्म्या वेगाने चालते. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते, चुकलं की मार्क कापते. अण्णांनी माझ्या दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या होत्या.

"अण्णा, हे एक सोडून एक पाहिजे ना?"

"ह्या बोर्डाला असंच लागतंय. हात लावू नको. दुसरीकडं घातलीस तर चालू व्हनार न्हाय."

बोर्डासोबतच्या पुस्तकात नेमकं उलटं छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. छापलेलं एकीकडे आणि अण्णा एकीकडे असतील तर मी अण्णांच्या बाजूची होते. शिकवणारी बाई स्वतः काय करते हे माझ्या मुलांना कळलं असतं तर त्यांनी माझी चांगली खिल्ली उडवली असती.

तीन वर्षं मी त्या मशीनवर खेळले. ते छान दिसायचं. पण पडद्यावर गर्दी झाली की अडखळायचं. मैत्रिणी म्हणायच्या, "सुजे, तुझं नवं मशीन आहे ना गं?" मी कधी सोलापूरच्या उन्हाळ्याला दोष दिला, कधी नेटला, कधी गेमला. एकदोनदा स्वतःच्या नशिबालाही दिला. अण्णांकडे बोट गेलं नाही. उलट लॅबमधल्या किती जणांना मी त्यांच्याकडे पाठवलं असेल, डोळे मिटून जा म्हणून सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही.

अण्णांचा सल्ला मात्र अक्षरशः खरा ठरला. निळ्याचा तो सॉकेट बंद झाला आणि लालचा नवा, मोठा प्रोसेसर माझ्याच सॉकेटसाठी बाजारात आला. मी तो मागवला. उन्हाळ्यासाठी जरा हवेशीर कॅबिनेटही घेतलं. आता बोर्ड जुन्या कॅबिनेटमधून काढून नव्यात बसवायचा होता. अण्णांनी दुकान तोवर जवळजवळ बंद केलं होतं, तब्येत बरी नसते असं अक्कांकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, कळलं होतं. त्यांना त्रास नको म्हणून रविवारी सकाळी मी घरीच बसले. गाठी कापल्या, स्क्रू काढले, बोर्ड बाहेर घेतला. माझं नाव बघायचं म्हणून हौसेने पालथा केला.

दोन ओळी होत्या, निळ्या शाईच्या. माझं नाव तेलुगूत कसं दिसतं ते मला पाठ होतं. ते हे नव्हतं.

मी बोर्ड घेऊन शेजारच्या पद्माकडे गेले. ती तेलुगू शाळेत शिकलेली. तिने हातातलं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि वाचलं. "अभिजित. टेंभुर्णी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुनाचा हाय गं हे?"

घरी येऊन मी प्रोसेसर काढला आणि टॉर्च लावून सॉकेट बघितला. एका कोपऱ्यात सहा-सात पिना सरळ केल्याच्या खुणा होत्या. काम सुरेख होतं. तशा पिना सोलापुरात एकच हात उभ्या करू शकत होता. त्यातल्या एका पिनेचं टोक मात्र तुटलेलं होतं. पट्ट्या शेजारी शेजारी का होत्या ते मला कळलं. मेमरीची निम्मी बाजू मेलेलीच होती. मी जमिनीवर बसून राहिले. आधी त्या अंगठीवाल्याचा राग आला, मग माझ्याच हाताचा. ती कात्री मीच दिली होती. माझ्या बोर्डाचं सील कापायला मीच दिली होती.

दुपारी अण्णांच्या घरी गेले. ते पलंगावर बसले होते. अक्कांनी चहा आणला. अण्णांनी कप घेतला तेव्हा बशी वाजायला लागली आणि वाजतच राहिली. अक्कांनी तो हळूच काढून घेतला. अण्णांचा उजवा हात मांडीवर एकसारखा थरथरत होता. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तरी बोर्ड मी पिशवीतून काढलाच आणि त्यांच्यासमोर पालथा ठेवला.

अण्णांनी चष्मा लावला नाही. "बघितलंस व्हय," ते म्हणाले.

"काय झालं होतं, अण्णा?"

"त्याचं बोर्ड जोडत व्हतो. प्रोसेसर हातातनं सुटलं. कोपऱ्यावर पडलं. पिना बसल्या." त्यांनी थरथरणाऱ्या हाताकडे बघितलं. "तवापासनंच चालू झालं व्हतं हे. कुनाला म्हाईत न्हवतं. हिला बी न्हाय."

"आणि माझा बोर्ड त्याला दिलात."

"त्यो आरडला असता, अम्मा. साऱ्या बाजारात सांगितला असता, नरसय्याचा हात गेला म्हून. तू काय आरडनार हैस व्हय माज्यावर? तू घरची."

"मला सांगितलं असतं तर मी हाच घेतला असता. तुमच्या हातून बिघडलाय म्हणून घेतला असता. आनंदाने."

"म्हाईत हाय की."

"मग का नाही सांगितलं?"

"तुला सुई धराय मी शिकवली," ते म्हणाले. "हात हलतंय हे तुला कसं सांगायचं?"

हे मला समजत होतं, आणि समजून काही उपयोग नव्हता. एक प्रश्न राहिला होता, तो मी विचारला. "निदान त्याचं नाव खोडून माझं लिहायचं होतं, अण्णा. मी आयुष्यभर तशीच पुस्तकं वापरली आहेत. माझं नाव का नाही लिहिलं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं ते नवल वाटल्यासारखं. "तुझं कसं लिवू?" ते म्हणाले. "ते तुझं न्हवतं की."

किती सरळ बोलले. मला तोंडावर कोरं म्हणून सांगताना त्यांची जीभ अडली नाही, पण बोर्डावर खोटं लिहायला हात धजावला नाही. बोर्डाचा मान माझ्यापेक्षा मोठा निघाला. "घराला कळाय पायजे" म्हणायचे ना? त्या घराला तीन वर्षं माहीत होतं की मी त्याची मालकीण नाही. फक्त मला माहीत नव्हतं.

"नवं देतो. आजच मागवतो," अण्णा म्हणाले.

"नको," मी म्हणाले. एरवी निघताना मी वाकून नमस्कार करायची. त्या दिवशी केला नाही. अक्का दारापर्यंत आल्या. चहा तसाच राहिला होता.

नवा बोर्ड मी स्टेशनकडच्या एका काचेच्या, एसी दुकानातून घेतला. तिथल्या माणसाने मान वर न करता खोकं माझ्याकडे सरकवलं, वर कटर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, सील तुम्हीच कापा. नंतरची तक्रार चालणार नाही." किती रुक्ष, किती परका. मला इतकं बरं वाटलं. त्या दुकानात मी कोणाच्याच घरची नव्हते. घरी येऊन मशीन जोडलं, पट्ट्या एक सोडून एक लावल्या, वायरी कॅबिनेटसोबत आलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या. रविवारी खेळले. पडदा एकदाही अडखळला नाही. मैत्रिणी म्हणाल्या, "आज काय झालंय तुला?" मी खेळ संपल्यावर उठून तोंड धुऊन आले.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. मी गेले होते. अक्का माझा हात धरून म्हणाल्या, "लई आठवण काढायचे. अम्मा येतंय का, म्हून इचारायचे." मला रडू आलं, पुष्कळ आलं. राग मात्र गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. लोक अण्णांच्या हाताबद्दल बोलत होते, त्या सुईबद्दल, वाचवलेल्या बोर्डांबद्दल. सगळं खरं होतं. मी मान हलवत राहिले आणि माझ्या तोंडून त्यात एक शब्दही भरला गेला नाही. त्यांचं काय करायचं हे मला आजही ठरवता आलेलं नाही. फसवायला परका सापडला नाही म्हणून नव्हे, मी आपली होते म्हणून त्यांनी मला निवडलं. हे एवढं मी अजून गिळू शकलेले नाही.

मागच्या महिन्यात धाकटी बहीण वैशाली मंद्रूपहून आली. तिथल्या शाळेत ती शिक्षिका आहे, आणि तिलाही आता आमच्यात खेळायचंय. "ताई, लाल घेऊ का निळा?" तिने विचारलं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आधी माग बघ. धोटा कधीही बदलता येतो." मी थांबले. माझ्या आवाजात अण्णा बोलले होते. पण सांगणं खरं होतं, म्हणून तसंच पुढे सांगितलं. सामान मागवलं. ते आलं त्या दिवशी वैशाली स्वयंपाकघरात आईशी गप्पा मारत होती. मी तिला हाक मारली, "ये, सील काप."

"तूच काप की," ती आतूनच म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं? जोडून झालं की सांग."

"तू ये."

ती पदराला हात पुसत आली. "अगं, तू काय परकी आहेस का? तू तर आपलीच."

"म्हणूनच," मी म्हणाले आणि कात्री तिच्या हातात दिली.